काळजी म्हणून

शाळेत नवीन शिक्षक आला की त्याच्या हाती आधी हजेरीपट पडायचा आणि लगोलग तो मोठ्या बाईंच्या तावडीत सापडायचा. मोठ्या बाई गणिताच्या. त्यांचं व्याख्यान आजवर कुणालाही चुकलं नव्हतं.

"वर्गात ओरडायचं नाही. आवाज खाली आणायचा, पोरं आपोआप गप्प बसतात. पालक भांडायला आले की आधी खुर्ची पुढे करायची; बसल्यावर माणसाचा निम्मा राग उतरतो. पेपर घरी न्यायचे नाहीत, नाहीतर घरची माणसं तुमचं तोंड विसरतील. आणि काहीही होवो, आपलं दुखणंखुपणं शाळेत कुणाला सांगायचं नाही. चहा गार व्हायच्या आत बातमी साहेबांच्या टेबलावर असते."

पाठीमागे लोक त्यांच्या नकला करायचे. करोत बापडे! पण पालकसभेच्या दिवशी तेच लोक गुपचूप खुर्च्या मांडायचे.

बाईंच्या नोकरीचं हे शेवटचं वर्ष. दहावीचा वर्ग त्यांनी पाचवीपासून ओढत आणला होता. त्यातली निम्मी पोरं अपूर्णांक दिसला की रडायची, ती आता फळ्यापाशी जाऊन बाईंशी वाद घालत होती. "एवढी पोरं माझ्या हातानं बाहेर पडू देत, मग मला घरी बसवा," असं त्या नवऱ्याला जेवताना रोज ऐकवायच्या. नवरा म्हणायचा, "बसवतंय कोण तुला!"

आणि मग चिमणी आली. गणितालाच. सतत चिवचिव करणारी म्हणून शिपायानं तिला हे नाव दिलं. हुशार, पण नवखी. कवायतीचे मास्तर मुलांना रोज उशिरा सोडायचे आणि हिचा अर्धा तास वाया जायचा. ती तणतणत साहेबांकडे, म्हणजे मुख्याध्यापकांकडे, निघाली, तेव्हा बाईंनी तिचा दंड धरला.

"थांब गं. तक्रार घेऊन गेलीस तर तू भांडखोर ठरशील. काळजी म्हणून जा. म्हण, सर, मुलं घामाघूम होऊन येतात, मला काळजी वाटते. बघ कसे ऐकतात."

साहेबांनी ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मुलं वेळेवर. चिमणी बाईंच्या गळ्यातच पडली. बाईंनाही पोटची पोरगी मिळाल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला. डब्यातला चांगला घास तिला, फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास तिला.

एकदा एका पालकानं भर व्हरांड्यात चिमणीचा पाणउतारा केला. ती प्रयोगशाळेच्या मागे जाऊन हमसून हमसून रडायला लागली. म्हणाली, मी नोकरी सोडते, मला हे झेपणार नाही. बाईंना राहवलं नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांना शिकवलेली गोष्ट त्या तिथं विसरल्या.

"अगं, माझा डावा कान गेलाय," त्या म्हणाल्या. "ठार गेलाय. मागच्या बाकावरचं काही कळत नाही मला. म्हणून तर मागच्यानं उत्तर दिलं की पुढच्या बाकावरच्याला विचारते, तो काय म्हणाला ते तू सांग. तपासायला आलेले अधिकारी या पद्धतीचं कौतुक करून गेले! मी उभी आहे ना? मग तू का रडतेस?"

चिमणी रडता रडता हसली. त्या दिवसापासून ती न चुकता बाईंच्या उजव्या बाजूला बसायला लागली. बाईंना केवढं बरं वाटलं त्याचं!

सहामाही परीक्षा झाली आणि साहेबांनी बाईंना बोलावलं. बाई आत गेल्या तर साहेब स्वतः उठले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. बाई नुसत्या कडेला टेकल्या.

"बाई, दहावीचा वर्ग आता नवीन बाई घेतील," साहेब नको तितक्या मोठ्यानं बोलले. "तुम्ही पाचवी घ्या. लहान वर्ग, मुलं जवळ बसतात. तुम्हाला त्रास नको."

"कुणी तक्रार केली माझी?"

"छे छे, तक्रार कसली! त्यांना तुमची काळजी वाटते, म्हणून बोलल्या."

बाई उठल्या. वाक्य त्यांचंच होतं. कुणी शत्रूनं केसानं गळा कापला असता तर त्यांनी दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. आपणच शिकवलं, आपणच पाठ करून घेतलं, असं म्हणत त्या जिना उतरल्या. दहावीच्या वर्गावरून जाताना त्यांनी मान खाली घातली. आत पोरं कसल्याशा गणितावर भांडत होती आणि बाईंचे डोळे भरून आले.

दुपारच्या सुट्टीत चिमणी शिक्षकखोलीत आली. खुर्ची ओढून सवयीनं उजव्या बाजूला बसली.

"बाई, रागावलात? शपथेवर सांगते, मी तुमच्या भल्यासाठीच बोलले. मुलांचं वर्ष आहे ना." मग हळूच, "मागच्या बाकावरची ती चौकडी मला दादच देत नाही हो. तुम्ही कसं सांभाळायचात? सांगा ना."

बाईंना शब्द न् शब्द ऐकू आला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. उठल्या, आपली खुर्ची उचलून तिचं तोंड उलट्या दिशेला केलं आणि पुन्हा बसल्या. चिमणी आता त्यांच्या डाव्या बाजूला होती.

"हं," बाई म्हणाल्या, "आता विचार."