घटातले गहू

आमच्याकडे त्याला ‘दसरा काढणं’ म्हणत. पितृपक्ष सरत आला की घटस्थापनेच्या आधी घर मुळापासून धुऊन निघे. भिंतींना चुना, चुलीला पोतेरं, मांडणीवरच्या तांब्या-पितळेला चिंच आणि राख. घरात असेल नसेल तेवढं अंथरूण-पांघरूण ट्रॉलीत भरून कालव्यावर जाई. त्या दिवसांत कुठलीही वस्तू आपल्या जागेवर सापडत नसे. चहाची गाळणी न्हाणीत मिळे आणि न्हाणीतला तांब्या तुळशीपाशी.

केडगावपासून थोडं आत, उसाच्या दोन पट्ट्यांमध्ये आमचं घर होतं. शिरूरच्या, घोडनदीकाठच्या माहेराहून मी तिथे लग्न होऊन आले तेव्हा माझ्या ट्रंकेत साड्यांपेक्षा कवितेची पुस्तकं जास्त होती. नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. त्या घराची ओळख मला पुस्तकांनी करून दिली नाही, ती करून दिली ओल्या गोधड्यांनी. कालव्याच्या पाण्यात बुडवलेली गोधडी माणसासारखी जड होते. दोघींनी दोन टोकं धरून तिला पिळायचं, आणि पिळताना तिच्या अंगातून वर्षभराची झोप बाहेर येते: तेलाचा, धुराचा, लहान मुलांच्या दुधाचा, तापाच्या घामाचा वास. मग तीच गोधडी तारेच्या कुंपणावर ऊन पीत पडली की संध्याकाळी तिला एक कोरडा, भाजक्या दाण्यांसारखा सुवास येई. तो मी अजून कुठल्याच साबणात हुंगलेला नाही.

सासूबाईंना आम्ही दोघी सुना ‘आत्या’ म्हणत असू. दोघी म्हणजे मी आणि माझी थोरली जाऊ, जिला मी ताई म्हणे. सासऱ्यांना मामा. दसरा काढायचा तो आत्यांच्या देखरेखीखाली. पण ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी देखरेख हा शब्दच बोलताना जड वाटू लागला होता. आत्यांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यात उतरत होता. घरात त्या वावरत होत्या पाठांतरावर. उंबरा कुठे, चूल कुठे, देवाचा कोनाडा कुठे, सगळं पावलांना आणि बोटांना तोंडपाठ. पण श्रावणात एकदा भाकरी टाकताना त्यांचा तळवा तव्यावर टेकला. त्यांनी हूं की चूं केलं नाही, हात पिठात खुपसला आणि पुढची भाकरी थापायला घेतली. ती भाकरी कुणालाच गोड लागली नाही.

दौंडच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, की आता थांबाल तर पुढे नजर परत येईलच अशी खात्री नाही. माझ्या पतींनी दसऱ्यानंतरची तारीख घेतली. आत्यांना त्या सुईची, त्या टेबलाची, डोळ्यावर बांधल्या जाणाऱ्या पट्टीच्या अंधाराची भीती वाटत होती. भीती वाटते असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी देवीला मध्ये घेतलं.

“घट चांगलं आलं तर जाईन,” त्यांनी चुना कालवता कालवता जाहीर केलं. “न्हाई आलं, तर या घरात पुन्यांदा डोळ्याचं नाव काढायचं न्हाई.”

मामा पायरीवर तंबाखू मळत होते. “देवीला डाक्टर केली व्हय?”

“डाक्टर सुई टोचतो. ती टोचत न्हाई.”

“म्हंजी फी बी घेत न्हाई. मग बरंय.”

ताई पदराआड हसली. मला हसू आलं नाही. आत्यांचा स्वभाव मला एव्हाना कळला होता. दिलेला शब्द त्या माणसाशी कधी मोडतील, पण कवठ्याच्या येमाईशी मोडणार नाहीत. आमची कुलदेवी ती. तिच्या नावाने घटाभोवतीच्या काळ्या मातीत गहू पेरायचे, आणि ते जसे उगवतील तसं वर्ष जाईल, असं सगळं गाव मानत आलेलं. फक्त इतरांच्या घटावर पावसापाण्याचा अंदाज होता, आमच्या घटावर एका बाईची दृष्टी टांगलेली होती.

घट बसवायचे ते आत्यांनीच. त्यात दुसऱ्या कुणाचा हात त्यांना खपत नसे. पहाटे आंघोळ करून ओलेत्याने त्या माजघरात गेल्या. तिथे खिडकी नव्हती. समईच्या उजेडापुरतीच भिंत दिसे. डब्यांच्या उतरंडीतून त्यांनी हाताच्या अंदाजाने गव्हाचा डबा उचलला, टोपलीतल्या मातीत मुठीने गहू पेरले, वरून मातीचा थर दिला, पाणी शिंपडलं. आम्हाला दिसली ती फक्त काळी, ओली, शांत माती, आणि तिच्या मधोमध मातीचा घट. पहिली माळ तरवडाची होती. माळरानावरून मीच ती फुलं खुडून आणली होती. तरवडाचा पिवळा रंग असा असतो की अंधाऱ्या खोलीत तो फुलाचा राहत नाही, दिव्याचा होतो.

गव्हाला अंधारात कोंब यायला फार वेळ लागत नाही. तिसऱ्या माळेला मातीत बारीक भेगा पडतात, आणि मग सुईच्या टोकासारखी फिकट पिवळी पाती वर येतात. त्या वर्षी तिसरी माळ चढली आणि माती तशीच राहिली. शेजारच्या वस्तीवरची बाई हळदीकुंकवाला आली, वाकून पाहिलं आणि घाईघाईने कुंकू लावून घेऊन गेली. 

चौथ्या माळेला आत्यांनी मातीवरून तळवा फिरवला. तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा, अगदी अलगद, कडेकडेने. तळव्याला काही टोचत नव्हतं. त्यांनी हात काढून घेतला, पदराला पुसला.

“दौंडला सांगून टाक,” त्या माझ्या पतींना म्हणाल्या. “येत न्हाई म्हनावं.”

“आई, थोडं थांब की. थंडीनं उशीर लागत असंल.”

“कुठली थंडी? घाम निघतोय आंगातनं. तिनं सांगितलं न्हाई म्हनून. आता माझ्या आन् तिच्या मधी तुमी पडू नका.”

ते उठून उसाकडे गेले. मामांनी तंबाखूची डबी खिशात टाकली. चेष्टा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मागच्या दारी जाऊन धुतलेली भांडी पुन्हा धुतली. मला राहून राहून तव्यावर टेकलेला तो तळवा दिसत होता. पुढच्या श्रावणात, त्याच्या पुढच्या श्रावणात, असे किती तळवे.

पाचव्या माळेला देवीला खिरीचा नैवेद्य असे. खपली गहू ओलवून, उखळात कांडून, कोंडा पाखडून आम्ही खिरीचे गहू वर्षाचे करून ठेवत असू. ते शिजले की फुटून मोत्यासारखे पांढरे होतात, आणि मग त्यात गूळ, वेलदोडा, खसखस. ताईने आदल्या संध्याकाळी ते भिजत घातले होते. वीज गेली होती. तिने डब्यात माप बुडवलं आणि पातेल्यात ओतलं. सकाळी पातेलं चुलीवर चढलं.

खीर शिजेना. ताईने जाळ वाढवला, पाणी घातलं, झाकण ठेवलं, झाकण काढलं. गहू पाण्यात खडखडत फिरत राहिले.

“लाकडं ओली हायती,” ती म्हणाली. थोड्या वेळाने: “पाणी जड हाय बोअरचं.” आणखी थोड्या वेळाने, मान खाली घालून: “या वर्षी आपल्याला काय लागलंय कुनास ठाऊक. मातीत टाकलं तर उगवत न्हाई, आन् चुलीवर टाकलं तर शिजत न्हाई.”

ती ते रडवेल्या स्वरात म्हणाली, आणि माझ्या हातातलं तरवडाचं फूल हातातच राहिलं. मी पळीभर गहू काढून दारातल्या उन्हात नेले. प्रत्येक दाण्याला तांबूस साल होती. मधली चीर अखंड होती. हे कांडलेले गहू नव्हतेच. हे पेरणीचे होते, अख्खे, सालासकट. आणि मग मी माजघरात जाऊन, मनातल्या मनात येमाईची क्षमा मागून, टोपलीच्या कडेची माती नखाने उकरली. हाताला लागला तो एक पांढरा, फुगून पिठूळ झालेला, आंबूस वासाचा दाणा. उखळात कांडताना ज्याचं कोंब धरणारं टोकच उडून गेलेलं. तो युगान्तीही उगवला नसता.

दसरा काढताना दोन्ही डबे राखेने घासून उतरंडीत परत लावले गेले होते. कुणी लावले हे कुणालाच आठवेना. दोन्ही सारख्याच पत्र्याचे. वरचा खाली गेला होता, खालचा वर.

ताई आणि मी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिलो. हसावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण आता हे आत्यांना सांगायचं होतं. ज्या बाईने उभ्या आयुष्यात मुठीचा अंदाज चुकू दिला नव्हता, तिला.

“तुमी सांगा,” ताई कुजबुजली. “तुमी शिकलेल्या.”

“मी कविता शिकले, ताई. हे नाही.”

शेवटी दोघीही गेलो. आत्या भिंतीला टेकून वाती वळत होत्या. मी त्यांच्या एका तळव्यावर चुलीवरचा दाणा ठेवला, दुसऱ्यावर घटातला, आणि काय झालं ते सांगितलं, जेवढं साधं सांगता येईल तेवढं. त्यांनी चुलीवरचा दाणा दाताखाली धरला. कट्‌ असा आवाज आला. घटातला दाणा बोटांत चुरडला, नाकाशी नेला.  समईची ज्योत हलत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते मला वाचता येत नव्हतं.

“आगं बया,” त्या शेवटी म्हणाल्या. “म्या देवीला खीर पेरली.”

आणि त्या हसल्या. पोट धरून, वातींचा कापूस उधळत, डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. ताईलाही हसू फुटलं, मला तर उभं राहवेना. मामा दारात येऊन पाहू लागले की या तिघींना झालं काय.

“चुन्यानं आन् धुन्याच्या सोड्यानं बोटं बधिर झाल्यात,” आत्या बोटांची टोकं एकमेकांवर घासत म्हणाल्या. “न्हाईतर मुठीला कळलं नसतं व्हय.”

“आत्या, मी बी तेच केलं की,” ताई समजूत घालू लागली. “माझं डोळं तर चांगलं हायती.”

“मग तुजं बी करून घिऊ आप्रेशन. दोघींचं संगंच.”

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हंजी देवी न्हाई म्हनली न्हाई?”

“तिला कुनी इचारलंच न्हाई अजून,” आत्या म्हणाल्या. त्या आता गंभीर झाल्या होत्या. “प्रश्न माझा मलाच दिसला न्हाई, तर ती काय उत्तर देनार.” आणि मग, हलक्या आवाजात, जणू स्वतःशीच: “लई भ्याले हुते मी.”

एवढंच. पण त्या घरात इतके दिवस कोंडून राहिलेली हवा त्या वाक्यासरशी बाहेर गेली. मला आठवतं, ताईने मागचं दार उघडलं होतं आणि उसावरून आलेलं वारं माजघरापर्यंत शिरलं होतं.

गहू पुन्हा पेरले. डबा ताईने उचलला, दाणे मी उन्हात पाहून दिले, मूठ मात्र आत्यांचीच. भिजवून कोंब आणलेले पेरू, म्हणजे लवकर दिसतील, असं ताईने सुचवलं तर तिला ऐकावं लागलं, “चूक झाली ती झाली. आता लबाडी नगं.” आठव्या माळेला माती तडकली. दसऱ्याच्या सकाळी टोपलीत दाट, आखूड, कोवळं पिवळं गवत उभं होतं. उंची जेमतेम बोटाच्या पेराएवढी. रीतीप्रमाणे त्याचा तुरा मामांनी टोपीत खोवला. तो राहीना, पुनःपुन्हा कपाळावर घसरे.

“गावाला काय सांगू?” त्यांनी विचारलं.

“सांगा, उशिरा आलं पर आलं,” आत्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्या कोवळ्या पात्यांवरून तळवा फिरवला. या वेळी तळव्याला टोचलं असावं. त्यांनी हात बराच वेळ तिथेच राहू दिला.

दौंडला मी त्यांच्याबरोबर गेले. आत नेताना त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पण पाऊल मागे घेतलं नाही. परत आल्या त्या पट्टी बांधून, नंतर काळा चष्मा लावून. चष्म्यामुळे मामा त्यांना ‘बाईसाहेब’ म्हणत, आणि त्या चष्म्याआडूनच त्यांच्याकडे रोखून पाहत, म्हणजे पाहू शकत.

चष्मा उतरला त्या दिवशी ताईने खीर केली. कार्तिकातली कोवळी थंडी होती; ओसरीवर ऊन आलं होतं. कालव्यावर धुतलेली एक गोधडी आत्यांच्या गुडघ्यांवर होती, आणि त्या तिच्या ठिगळांचे रंग एक एक करून पाहत होत्या. काही त्यांनाच नवीन होते. ताईने वाटी हातात दिली. गूळ आणि वेलदोड्याची वाफ त्यांच्या तोंडावर आली.

“कुठल्या डब्यातलं?” त्यांनी विचारलं.

“खिरीच्या.”

“अंदाजानं का बघून?”

“बघून, आत्या.”

त्यांनी वाटीतला एक दाणा बोटांच्या चिमटीत उचलला, उन्हासमोर धरला, जवळ नेला, लांब नेला. फुटलेला, पांढरा, गुळाने ओथंबलेला. मग तो तोंडात टाकला.

“शिजलाय,” त्या म्हणाल्या.