लिंबाच्या गावाचं व्याख्यान
कागदी लिंबाच्या फुलांचा वास आला की मला सांगलीतलं ते व्याख्यान आठवतं आणि अजून अंगाचा तिळपापड होतो. माझा थोरला भाऊ दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर इटलीत गेला आणि तिथंच बेपत्ता झाला. त्याची पत्रं मी इतक्यांदा वाचून दाखवली होती की आईला ती तोंडपाठ झाली होती. आमच्या वाईला आलेल्या एका नावाजलेल्या कादंबरीकारानं ती मागितली; "चार दिवसांत परत करतो, ताई," म्हणाला. वर्ष गेलं, त्याचं प्रवासवर्णन हातोहात खपू लागलं, तेव्हा पत्रं मागायला मी आईला घेऊन सांगली गाठली. तो भरल्या सभेत सांगत होता, "मी त्या गावात शिरलो तर भिंतीभिंतीवर लिंबं लोंबत होती, अगदी आमच्या विहिरीवरचाच वास!" वाक्य भावाचं होतं आणि विहीरही आमचीच. मी उठणार तोच आई उठली, पदर सावरत म्हणाली, "आवं सायेब, तुमी त्याच गावात गेला हुता व्हय? मग माझा ल्योक दिसला का वं तितं?" त्यानं माझ्याकडं पाहिलं, मला ओळखलं, घोटभर पाणी प्याला आणि म्हणाला, "दिसला होता, माई. खुशाल होता." टाळ्या पडल्या. त्या वर्षी पितृपक्षात भावाच्या नावानं पान वाढायला आई कशीबशी तयार झाली होती, पण सांगलीहून घरी येताच म्हणाली, "जित्या माणसाचा म्हाळ घालत न्हाईत." खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही. आई गेली, ते पुस्तक अजून खपतंय, आणि भावाचं पान मी अजून वाढलेलं नाही.