वसुधाताईंनी अडवलेलं टूल

"सांगणाऱ्याचं चुकलं तर ऐकणाऱ्याला झोडपू नये," असं वसुधाताई उठता-बसता म्हणायच्या. हवाई दलातल्या नवऱ्यामागे त्यांनी जोरहाट पाहिलं, भूज पाहिलं, आणि दर बदलीला नव्या मुलखातल्या माणसांना सारं नव्याने सांगितलं. भाजी करपली, सिलिंडर भलत्याच दारी गेला, की त्या आधी आपण काय बोललो होतो ते आठवत. मूळच्या वाशीमकडच्या. काळ्या मातीसारखंच त्यांचं बोलणं, एकदा चिकटलं की सुटत नसे.

चंडीगडला आल्यावर मोहालीतल्या एका कंपनीत त्यांना जणू हेच काम मिळालं. कंपनी एआय एजंट बनवायची. एजंट म्हणजे माणसाचं म्हणणं ऐकून आपणहून काम उरकणारा प्रोग्राम. त्याच्या हाताशी टूलं, म्हणजे ठरावीक कामाची साधनं, दिलेली असतात, एक वेळ नोंदवणारं, एक निरोप धाडणारं. कुठलं कधी उचलायचं हे त्याला कळतं ते टूलसोबत लिहिलेल्या चार ओळींच्या वर्णनावरून. ती वर्णनं त्याला वाट दाखवतात की चकवतात, हे ताई तपासायच्या. त्यांच्या सहीशिवाय काम बाहेर जात नसे.

वर्णनं लिहायचा हृषीकेश. नांदेडचा, सेक्टर बावीसमध्ये भाड्याच्या खोलीत राहणारा, आपल्या लिहिण्यावर खूश असलेला.

त्या वसंतात एका डायलिसिस केंद्राचं काम आलं. रुग्ण फोनवर बोलणार, एजंट त्यांच्या बेडची वेळ सांभाळणार. परीक्षेत एजंटाला जवळजवळ पैकीच्या पैकी पडले. हृषीकेशने समोसे मागवले. मॅनेजर अरोराजी हसत आले.

"मॅडम, बस साइन कर दो. जोधपुर वाली बात पक्की."

जोधपूरची बात अशी, की ताईंच्या नवऱ्याची, देवदत्तरावांची, जूनमध्ये तिकडे बदली होती. आजवर प्रत्येक बदलीत ताईंची नोकरी मागे राहिली होती. अरोराजींनी तिथे घरून काम करायची परवानगी दिली, तर ही पहिली नोकरी त्यांच्यासोबत सामानात बांधली जाणार होती.

ताईंनी समोसा खाल्ला. सही केली नाही.

"हृषी, परीक्षेचे प्रश्न कोणी काढले?"

"मीच की, ताई."

"वर्णनं तुझी, प्रश्नही तुझेच. पेपर फोडून पोरगं पहिलं आलं, त्याचं काय कौतुक बाप्पा?"

हृषीकेशला ते लागलं. पण खोटं नव्हतं. जे शब्द त्याने वर्णनात घातले, तेच प्रश्नांतही आले होते. कुठला रुग्ण असा छापील बोलतो?

दुसऱ्या दिवशी ताई त्याला घेऊन केंद्राबाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. यायला जमलं नाही तर फोनवर काय सांगता, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारू लागल्या. एक म्हातारे सरदारजी म्हणाले, "मैं तो जी कह देता हूँ, अभी रहने दो, शाम को देखते हैं."

त्यांचं हेच बोलणं परीक्षेत घातलं. एजंटाने बेड रिकामा करणारं टूल उचललं, सरदारजींचा बेड सोडून दिला आणि मग संध्याकाळची जागा शोधू लागला. संध्याकाळी जागा नव्हती. सकाळचा बेड तोवर रांगेतल्या दुसऱ्याला गेला होता. परीक्षेतला बेड तो, पण हृषीकेशने लगेच आपलं लिहिलेलं उघडून पाहिलं. टूलच्या वर्णनात त्याने एवढंच लिहिलं होतं, 'रुग्ण येणार नसल्यास वापरावे.'

"एजंटामागचं मॉडेलच बदलू या, ताई. हे मठ्ठ आहे."

"निघालास ऐकणाऱ्याला झोडपायला?"

ताईंनी स्वतः लिहायला घेतलं, आणि इथे त्यांनीही माती खाल्ली. ताप, लग्न, धुकं, गाडी बंद पडणं, सुचेल तो प्रसंग वर्णनात कोंबला. एजंट बावचळला. एकही टूल उचलेना, रुग्णालाच उलटे प्रश्न विचारत बसला.

"ताई, आता झोडपायचं कोणाला?" हृषीकेशने विचारलं.

"मला," म्हणत त्यांनी सगळं पुसलं.

मग दोघांनी मिळून थोडकं लिहिलं. हे टूल बेड सोडून देते, सोडलेला बेड परत मिळत नाही. रुग्णाला दुसरी वेळ हवी असेल तर हे वापरू नका, वेळ बदलणारे टूल वापरा. एजंट सुधारला. पण ठेठ पंजाबीत कोणी बोललं की अजून चुकत होता, आणि केंद्राला काम सोपवायचा दिवस उजाडला.

"मॅडम, थोड़ी-बहुत गलती तो इंसान भी करता है," अरोराजी म्हणाले.

"इंसान गलती करके पूछ लेता है, अरोराजी. इसका छोड़ा हुआ बेड गया तो गया."

"फिर जोधपुर का मैं कुछ कह नहीं सकता, जी." आवाज चढला नव्हता. त्यांनाही वाईट वाटत असावं.

आता ताई करतील सही, असं हृषीकेशला वाटलं. त्याने केली असती.

"मत कहिए," त्या म्हणाल्या. "जून तक तो मैं यहीं हूँ. यह ठीक होगा, तब साइन होगा."

अरोराजींनी सुस्कारा टाकून ग्राहकाला फोन लावला आणि तारीख पुढे मागितली. जोधपूरची परवानगी मात्र तशीच लटकत राहिली.

"हृषी, मी केंद्रावर चालले. पंजाबी बोलणाऱ्या बाया दुपारच्या डायलिसिसला येतात," म्हणत ताईंनी पिशवी खांद्याला अडकवली.

काचेपाशी उभं राहून हृषीकेश पाहत होता. फोन कानाला तसाच धरून अरोराजीही त्याच्याशेजारी येऊन उभे राहिले. खाली रणरणत्या उन्हात ताईंनी रस्ता ओलांडला, एका रिक्षाला हात केला; ती थांबली नाही, तशा त्या पायीच निघाल्या.