पाण्याची कड

मुलीच्या कॉलेजच्या एका जुन्या वहीत मागची बरीच पानं कोरी राहिली होती. त्यांत हे लिहिते आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं, पण अक्षर अजून नीट येतं. हे कुणाला वाचून दाखवायचं नाही, म्हणून मोकळेपणानं लिहिता येतं.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली. आमचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावर. ती महाडला कॉलेजात बी.एस्सी.च्या मुलांना गणित शिकवते. नेमणूक कायमची नाही, दर वर्षी नव्यानं होते. डॉक्टरांनी घाटाचा रोजचा प्रवास बंद करायला सांगितला, तेव्हा तिनं विभागप्रमुख सरांना विचारलं, घरून ऑनलाइन शिकवू का? सर म्हणाले, "एक महिना बघू. शेवटच्या तासाला मी स्वतः बसेन. मुलांना समजत नसेल तर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल."

सरांचं बोलणं मला चुकीचं वाटलं नाही. पण एकदा दुसरं कुणी त्या खुर्चीत बसलं, की आमच्या मुलीला ती परत मिळायची नाही, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. त्या महिन्यात मी देवाकडे दोनच गोष्टी मागत होते. तिची सुखरूप सुटका आणि तिची जागा. आधी कोणती मागत होते ते लिहीत नाही.

आमच्याकडे मोबाइलला रेंज घरात येत नाही, गोठ्याच्या पडवीत येते. पडवीतला पेंढा हलवून आम्ही तिथे टेबल टाकलं. टेबल आणि म्हैस यांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. आमचे हे म्हणाले, "बरं झालं. म्हशीलापण डिग्री मिळंल."

तास सुरू झाले. मी शेण काढता काढता लांबूनच बघायची. स्क्रीनवर एक डोंगर असायचा. हिरवा, दोन शिखरांचा, मध्ये खिंड. मुलगी तो बोटानं फिरवायची, मागची बाजू पुढे आणायची. त्याच्या अंगावर रंगीत रेघा उमटायच्या. आमच्याकडे मुंबईची माणसं येतात, मोबाइलवर असेच डोंगर दाखवतात आणि प्लॉट पाडतात. माझी समजूत झाली की शिकवून झाल्यावर मुलगी असलंच काही काम करते. कुणाचा डोंगर, कुणाला दाखवते, हे विचारायचं धाडस झालं नाही. मला घरातही पटकन विचारता येत नाही. ग्रामसभेत तर मी आजवर तोंड उघडलेलं नाही.

म्हैस मध्येच हंबरायची, ते मुलांनाही ऐकू जायचं. मुलं मात्र बोलत नव्हती. मुलगी विचारायची, "समजलं का?" मग ती वाट बघायची. टेबलावरच्या घड्याळाचा आवाज मला गोठ्यात ऐकू यायचा. तास संपला की ती म्हणायची, "आये, समोर माणसं हायत का नाय तेच कळत नाय गो." महिना अर्धा सरला तरी तेच.

एक दिवस मी म्हशीसाठी बादली घेऊन आले. स्क्रीनवर तोच डोंगर, पण आज त्यावर रेघांचा नुसता गुंता झालेला. प्रत्येक मुलाचा एक ठिपका होता, हे तिनं मला नंतर सांगितलं. तो ज्यानं त्यानं आपापल्या मोबाइलवरून डोंगरावर फिरवायचा, म्हणजे मागे रेघ उमटायची. वर चढायचं नाही, खाली उतरायचं नाही, एकाच उंचीवरून चालत राहायचं, असा खेळ तिनं दिला होता. कुणी चाळीसच्या उंचीवरून, कुणी साठच्या. आणि चाळीसवाल्यांच्या रेघा साठवाल्यांच्या रेघांना बिनदिक्कत कापून गेल्या होत्या. मुलगी विचारत होती, "असं होऊ शकतं का?" बहुतेकांनी 'हो'चं बटण दाबलं होतं.

मला ते बांध वाटले. इतके वाईट घातलेले बांध मी जन्मात पाहिले नव्हते. तोंडातून निघून गेलं, "अगो बाय, कुणाचं शेत हाय ह्ये? बांधावर बांध आडवा घातलान! एका जागी पाणी दोन उंचीला उभं राहील काय? फुटंल ना सगळं!"

लॅपटॉपमधून हसण्याचा एकच कल्लोळ उठला. "मॅडम, कोण बोललं?" "मॅडम, म्हस बोलली!"

मी बादली तिथेच टाकली आणि खालच्या भाताच्या खाचरात जाऊन उभी राहिले. इतके दिवस जपलेली तिची जागा मी एका वाक्यात घालवली, असं मनात आलं. मग करायला काही हवं म्हणून बांधाचे निसटलेले दगड बसवत राहिले.

थोड्या वेळानं मुलगी कमरेवर हात ठेवून सावकाश उतरत आली.

"आये, मघाशी काय म्हणालीस?"

"चुकलं गो बाय. परत नाय येणार पडवीत."

"तसं नाय. परत सांग. बांध बांधाला का कापत नाय?"

"आधी तू सांग, तू डोंगर विकतेस कुणाचा?"

ती हसत हसत बांधावरच बसली. मग म्हणाली, "आये, तो खरा डोंगर नाय. तो समीकरणाचा हाय. दोन आकडे दिले की तिथली उंची सांगतो." समीकरण मला कळलं नाही. पण डोंगर कुणाचाही असो, उतार तोच आणि पाणीही तेच. मी घमेल्यात चिखलाची दोन शिखरं केली, मध्ये खिंड ठेवली आणि हळूहळू पाणी ओतलं.

आम्ही नवं खाचर पाडतो तेव्हा पाणी उभं करतो. पाण्याची कड जिथे थांबते तिथे दगड ठेवत जायचं, तोच बांध. नुसत्या नजरेनं बांध घालायला गेलं तर उतारावर नजर फसते. आणखी चार बोटं पाणी ओतलं की कड वर सरकते, तो वरचा बांध. खालची कड आणि वरची कड एकमेकींना लागणार कशा? हे मला कुणी शिकवलं नाही. सासरी आल्यावर पहिल्या दोन वर्षांत हातानं दगड ठेवून कळलं.

मुलीनं घमेल्याचे फोटो काढले. दोन दिवस ती लॅपटॉपपाशी बसून होती. तिसऱ्या दिवशी मला बोलावून तिनं दाखवलं. डोंगराच्या पायथ्याला निळं पाणी आणि खाली एक सरकती पट्टी. पट्टी ओढली की पाणी चढायचं, आणि त्याची कड चमकून तिथे रेघ राहायची. मी म्हटलं, "आता बरोबर झालं." ती म्हणाली, "याला लेव्हल कर्व्ह म्हणतात, आये." मी म्हटलं, "म्हणू देत."

त्या दिवशी मुलांनी आपापल्या मोबाइलवर ती पट्टी ओढली आणि पडवी बाजारासारखी गाजली. "मॅडम, माझं बेट झालं!" "अरे, माझा सगळाच बुडला!" "रेघा कापतच नाय ओ मॅडम, कितीपण ओढा!" पाचाडकडचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या भातात असंच असतं. हे आधी सांगायचं ना!" मुलगी हसली. तो महिन्यातला पहिला तास होता जो ती वेळेत संपवू शकली नाही.

मग शेवटचा तास आला. सर बसले आणि मुलं परत गप्प झाली. सरांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे या रेघा एकमेकींना कधीच भेटत नाहीत. असंच ना?"

"हो सर," सगळे एका सुरात म्हणाले.

मी भिंतीपलीकडे म्हशीपाशी बसले होते. मुलीचा चेहरा मला दिसत होता. उत्तर तिला येत होतं. पण तिनं सांगून उपयोग नव्हता, ते तिनं शिकवलेल्यांकडून यायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. परत घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. मग ती म्हणाली, "सर, मुलांना पाण्याचं उदाहरण जिच्यामुळे मिळालं, ती इथेच आहे. तिला विचारू का?"

"विचारा."

एरवी मी उठून गेले असते. पण मला उत्तर माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट चुकीची ऐकत बसणं मला जमेना. मी म्हशीकडे तोंड करूनच बोलले.

"भेटतात. वेगळ्या उंचीच्या नाय भेटायच्या. पण एकाच उंचीच्या दोन भेटतात, खिंडीत. इकडून पाणी चढत येतं, तिकडून पण येतं. दोन्ही कडा खिंडीत येऊन लागतात. वर एक बोटभर पाणी चढलं की एका बेटाची दोन बेटं होतात. ओढून बघा रे पोरांनो, पट्टी हळू ओढा."

 वर्गातली एक मुलगी ओरडली, "लागल्या! सर, फुली झाली!" मग दुसरा, "माझीपण!" एकानं विचारलं, "मॅडम, त्या फुलीवर उभं राहिलं तर डोंगर कुठं चढतो, कुठं उतरतो?" मुलीनं त्यालाच सांगितलं, ठिपका तिथे ने आणि चारी बाजूंना चालून बघ. तो चालला. "शिखरांकडं चढ हाय मॅडम, दरीकडं उतार." मग मुलं आपसांतच बोलायला लागली, सर बसलेत हे विसरून.

शेवटी सर म्हणाले, "या फुलीवर पुढचे दोन तास जातील. मॅडम, ते तुम्हीच घ्या. बाळंतपणाची सुट्टी लागेल तेवढे दिवस मी सांभाळतो, मग परत तुमचा वर्ग तुम्हाला."

मुलीनं लॅपटॉप मिटला आणि भिंतीवरून माझा हात धरला.  "आये, राहिली गो जागा."

संध्याकाळी यांनी विचारलं, "म्हस पास झाली का नाय?" मी म्हटलं, "पयल्या नंबरात."

दुसऱ्या दिवशी आम्ही उरलेला पेंढाही पडवीतून हलवला. भिंत सारवली, छपराचा वासा हातानं हलवून बघितला. पाळणा माजघरात बांधायचा आमच्याकडे रिवाज आहे. हा पडवीत बांधणार. रेंज तिथेच येते.