वाफेला घाबरणारे आम्ही दोघे

हसण्याचे किस्से माणूस गरम गरम सांगून टाकतो. घाबरल्याचे किस्से तो आधी लपवतो, आणि म्हणून ते साठत जातात. माझ्याकडे आता पोतंभर झालेत. आज बसलोच आहोत, तर सोडतो थोडे.

मी रोह्याचा. एका कंपनीत बॉयलरच्या मेंटेनन्सला वीस वर्षं काढली. नोकरी सुटली तेव्हा लोकांच्या घरची कॉफी मशिनं दुरुस्त करायला लागलो. मिक्सरएवढी नव्हेत हं! मोठी एस्प्रेसो मशिनं. थेट नळाच्या लाइनला जोडलेली, पोटात छोटा बॉयलर, त्यात कायम वाफ कोंडलेली. आमच्या पेण-रोह्याकडे बंगले झाले, तशी ही मशिनं ओट्यांवर येऊन बसली.

पाण्याच्या लाइनचं काम पांडूदादाकडे. पेणच्या खाडीकडचा, घरचे मिठागरात राबलेले, हा प्लंबर झाला. पहिलं मशीन त्याने दारातूनच बघितलं.

"ह्यो बॉम्ब हाय," म्हणाला. "आणि लोकं ह्याच्यातनं पितात?"

मी हसलो. पण खरं सांगू? वीस वर्षं बॉयलरशेजारी काढलेला माणूस वाफेला जास्तच घाबरतो. फक्त बोलून दाखवत नाही.

* * *

पेणला एक डॉक्टर आहेत. त्यांच्या मिसेस एकदा सकाळी अंगणात येऊन उभ्या राहिल्या, घरात जाईनात. "मशीनच्या मागे नाग आहे! फुसफुसतोय!"

आम्ही गेलो. पांडूदादाच्या हातात काठी, माझ्या हातात टॉर्च, आणि दोघंही एकमेकांना "तू पुढं हो" करतोय! नाग कसला? मशीन तापताना एक बारका व्हॉल्व्ह हवा सोडतो आणि बंद होतो. त्याची रबर रिंग झिजली होती, म्हणून तो बंदच होत नव्हता. रिंग बदलली, चहा घेतला, आलो.

आठवड्याने त्याच वहिनींचा फोन. "परत फुसफुस येतेय हो."

"काही घाबरू नका वहिनी. व्हॉल्व्हच असणार. जवळ जाऊन बघा."

फोन हातात धरूनच त्या मशीनकडे गेल्या. मग एकदम हळू, श्वास रोखून:

"अहो... व्हॉल्व्हला शेपूट असतं का?"

* * *

धामण निघाली. कुणाला काही झालं नाही, पण फोनवर सल्ले द्यायचे मी सोडले. तरी एकदा द्यावाच लागला.

कोलाडला एक साहेब सुट्टीला येतात. त्यांनी कॉफी इतकी बारीक दळली की कपात थेंब पडेना. कॉफी भरायचा तो दांड्याचा चमचा असतो ना, मला फोनवर सांगत सांगतच साहेब तो ओढून काढायला निघाले. आत सगळं प्रेशर कोंडलेलं! मी फोनवर ओरडलो, "दांडा काढू नका! थांबा!"

रेंज गेली. त्यांना ऐकू आलं फक्त "दांडा काढू".

मी रोह्याहून बाइक कशी हाणली, माझं मला माहीत. पोहोचलो तर छतापर्यंत काळे शिंतोडे. साहेब खाली बसलेले, तोंड काळं, मनगट लालबुंद. बाईसाहेब दाराला धरून किंचाळतायत, "रक्त! रक्त!"

त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तेवढ्या शांत. त्यांनी साहेबांच्या गालावर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "रक्त नाय गो बाय, कापी हाय!"

मनगटाला फोड आले, पण डोळे वाचले. मला मात्र पुढे दोन दिवस जेवण गेलं नाही.

* * *

नागोठण्याचं घर आठवलं की अजून माझे तळहात ओले होतात.

तक्रार काय, तर "मशीनला हात लावला की जरा झिणझिण्या येतात." जरा! मी टेस्टर लावला, तर दिवा भक्कन पेटला. आतली कॉइल खराब झालेली, आणि प्लग बसत नव्हता म्हणून कुणीतरी त्याची अर्थिंगची पिनच कापून टाकलेली. सगळा करंट पत्र्यावर!

"आणि तुम्ही रोज वापरताय?" माझा आवाज चिरकला.

"आम्ही चपला घालतो ना," घरातली सून म्हणाली.

"सगळे?"

तिने मागे बघितलं. मागे आजोबा उभे, अनवाणी. त्यांचा चेहरा पडला होता.

"म्हणजे ती तरतरी," आजोबा म्हणाले, "कॉफीची नव्हती?"

* * *

पांडूदादाची भीती वेगळी. पाण्याची.

वडखळजवळ त्याने एका मशीनची लाइन जोडली होती. घरचे बाहेरगावी गेले, भिंतीतला कॉक चालूच ठेवून. पाठीमागची नळी निसटली. तीन दिवस पाणी! शेजाऱ्यांना दाराखालून ओघळ दिसला, तेव्हा कळलं. लाकडी कपाटं फुगली, लेकीची शाळेची सगळी पुस्तकं गेली. नळी पांडूदादाने घट्ट केली होती की नव्हती, हे त्याचं त्यालाच आठवेना. तो त्या घरात गुडघ्यांवर बसून फडक्याने पाणी टिपत राहिला. उठ म्हटलं तरी उठेना.

त्यानंतर त्याला एकच ध्यास लागला. दिसेल त्याला विचारायचा, "कॉक बंद केलात?"

पुढच्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. पाठवणीला सगळे रडत होते. पांडूदादाने लेकीला जवळ घेतलं, कानात काहीतरी बोलला. ती आणखीच रडायला लागली. बायका म्हणाल्या, बापाने काय सुंदर सांगितलं असेल!

मी मागेच उभा होतो. मला ऐकू आलं होतं.

"बाय, घरातनं निघताना कॉक बंद करत जा."

* * *

आता शेवटचा. हा मी फारसा सांगत नाही.

रोह्याला आमचे एक सर आहेत. मुलाने पुण्यातला कॅफे बंद केला आणि तिथलं मशीन आईवडिलांकडे आणून बसवलं. पुढे सरांना पॅरॅलिसिस झाला. वर्षभर अंथरुणात, कूस बदलायलाही काकू लागतात. कॉफीची आवड मात्र तेवढी राहिली.

मशीनचा सेफ्टी व्हॉल्व्ह मी दोन महिन्यांपूर्वी नवा टाकला होता. वाफ जास्त झाली की तो सोडून देतो. काकूंचा फोन आला होता, "मधूनच केवढ्याने फुस्स करतो, हे झोपेतून दचकतात. घाम फुटतो त्यांना." मी म्हटलं, येतो. आज-उद्या करत आठवडा गेला.

पांडूदादाला घेऊन गेलो तेव्हा प्रेशरचा काटा शेवटच्या खुणेला टेकलेला. मशीन तापतच होतं. वाफ सोडायचं तोंड पांढऱ्या पुट्टीने गच्च बुजवलेलं.

पांडूदादाने धावत जाऊन मेन स्विच पाडला. पण आत कोंडलेल्या वाफेचं काय? सरांची खोली ओट्याच्या भिंतीपलीकडे, आणि त्यांना उचलून न्यायची वाट मशीनसमोरूनच.

"काकू, बाहेर व्हा!"

"यांना सोडून?" म्हणाल्या आणि आत जाऊन सरांचा हात धरून बसल्या.

ओली गोधडी डोक्यावर घेऊन मी ओट्याखाली सरकलो. मागनं पांडूदादाने माझा शर्ट घट्ट धरलेला. हात वर करून वाफेच्या नळीचं बटण फिरवलं. केवढा तो आवाज! पाच मिनिटं घरात काही दिसेना. मग काटा हळूहळू खाली आला.

मी आत गेलो. घाबरलं की माणूस चिडतो.

"व्हॉल्व्ह कुणी बुजवला?" मी ओरडलो.

काकूंनी मान खाली घातली. सरांचा हात तसाच धरून ठेवला.

"मी," अंथरुणातून सर म्हणाले. "मीच बुजवला."