हळदीच्या मांडवातलं सलाईन

"हळद लागलेला नवरा वेशीबाहेर जात नाय," बाबा म्हणाले. संपला विषय!

नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ दिनेश. सकाळपासून जुलाब होऊन लोळागोळा झालेला. मुरबाडचा दवाखाना काही लांब नव्हता. पण अंगाला हळद लागली की लग्नाला निघेपर्यंत गावाची वेस ओलांडायची नाही, ही आमच्याकडची रीत.

त्याच दवाखान्यात मी वरकामाला होते. डॉक्टर मॅडम माझ्या मागे लागलेल्या, "कल्याणला नर्सिंग असिस्टंटचा कोर्स कर. सोमवारी नाव द्यायचंय." माझा सगळा जीव त्या कोर्समध्ये. बाबांचं मात्र एकच, "लोकांचं हगणं-मुतणं काढाय शिकतेस? नाय जायचं."

"मग मॅडमनाच इथं आणते," मी म्हटलं आणि जीप घेऊन गेले.

मॅडमनी दिनेशला सलाईन लावलं, बाटली मांडवाच्या मेढीला टांगली. त्यांना गावातच दुसरा पेशंट बघायचा होता. "तू बस इथं. हात सुजला तर सुई शिरेबाहेर गेली समज. नळीवरची चाकी फिरवून बंद कर आणि मला बोलव."

मी खाटेशेजारी बसले. काय ती ऐट माझी! एका काकूने बाटलीलाच हळदकुंकू लावलं. म्हटलं लावा, तिचंही उरकून टाका.

सलाईन अर्धं गेलं आणि नवरदेवाला तरतरी आली. बेंजोवाल्यांनी नाचाची चाल धरली, तर या पठ्ठ्याने सलाईनचाच हात वर करून पडल्या पडल्या ठेका धरला! नळीत रक्त चढलं.

"अगो, पोराचं रगत बाटलीत चाललं गो!" आत्याने किंकाळी फोडली.

हात फार वर गेला की रक्त नळीत उलटं येतं, एवढंच. मी ओरडले, "दादा, हात खाली! बेंजो बंद!"

हात खाली आला. बेंजो कसला थांबतोय? माझा आवाज तो केवढा.

तेवढ्यात बाबा उठले. "ए, बंद करा रे! सिस्टर बोलतेय, ऐकू येत नाय?"

बेंजो जागच्या जागी थांबला. मला असं हसू फुटलं की नळी तपासायचं सोंग करून तोंड लपवावं लागलं. आनंदाने नुसती उडत होते मी!

लग्न ठरल्या वेळी लागलं. सोमवारी बाबा स्वतः माझ्याबरोबर कल्याणला निघाले. अजून नावही दिलं नव्हतं, आणि हे जीपमध्ये अनोळखी माणसाला विचारतायत, "काय दुखतंखुपतं का? पोरगी सिस्टर हाय आमची."

इतक्या वर्षांच्या नोकरीत एक कळलं. घरच्यांशी वाद घालू नये, त्यांना एक पेशंट द्यावा. शक्यतो न नाचणारा.