नारळाच्या वड्या आणि दारातली शाळा

कुवेतहून लेकीचा, शबानाचा, फोन आला. "अम्मी, उमैराला शाळेत जागाच मिळत नाहीये. या वेळी नाही झालं, तर तू इकडे ये आणि परत जाताना तिला गावी घेऊन जा." आधी मला आनंदच झाला. रिकाम्या घरात पाच वर्षांची नात! मग शबानाचा रडवेला आवाज आठवला आणि त्या आनंदाची लाज वाटली.

घराची किल्ली आमच्या बागेतल्या नेपाळी राखणदाराच्या बायकोकडे दिली. तिची लहानगी लेक पूनम गेटवर चढून हात हलवत होती. रत्नागिरीहून एसटीने मुंबई, पुढे विमान. तिकीट दीड महिना आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं. सुका जवळा न्यायचा तर तीन पिशव्यांत बांधा, नाहीतर अख्ख्या विमानाला कळतं. विमानात बसताना सुखरूप पोचू दे म्हणून आयतुल कुर्सी पढले. खाली नुसती वाळू दिसायला लागली तेव्हा परत पढले.

जावई इरफान मीना अब्दुल्ला भागात एका कंत्राटदाराचं स्टोअर सांभाळतो. जागा फिंतासला, दोन खोल्यांची. सकाळी खिडकी उघडली तर समोरच शाळा! केवढं मैदान, वर सावलीचं छप्पर, बसगाड्यांची रांग. एवढी शाळा दारात असताना ही दोघं जागा नाही म्हणून का रडतात, मला कळेना.

आमच्या गावात पहिल्या दिवशी घरातलं मोठं माणूस मुलाचा हात धरून जवळच्या शाळेत जातं आणि वर्गात नारळाच्या वड्या वाटतं. शबाना कोपऱ्यावरच्या दुकानात गेलेली बघून मी वड्यांचा डबा घेतला, उमैराचा हात धरला आणि निघाले.

गेटवरचा रखवालदार म्हणाला, "मामा, हिंदी मदरसा अब्बासिया!" परदेशी म्हातारीला इथे मामाच म्हणतात, आणि भारतीय शाळेला हिंदी मदरसा. मी डबा पुढे केला. तेवढ्यात काळ्या अबायातल्या बाई बाहेर आल्या आणि उमैराशी इंग्रजीत बोलल्या.

"नानी, शी सेज, ही फक्त कुवेती मुलांची स्कूल आहे. बुक्स, बस, सगळं सरकार देतं. आपल्याला नाही."

"का गो?"

"वी आर इंडियन ना!" फ्रॉकचा रंग सांगावा तसं सांगितलंन.

बाईंनी वडी खाल्ली, रखवालदाराने दोन. अपमान कोणीच केला नाही. तरी रस्ता ओलांडताना मी उमैराचा हात जरा घट्टच धरला.

घरी हे ऐकून शबाना डोळे पुसत हसली. इरफान म्हणाला, "अम्मी, इथे शाळा घर बघून नाही, पासपोर्ट बघून. पाकिस्तान्यांची वेगळी, फिलिपिनोंची वेगळी. रुमैथियात एक ब्रिटिश पद्धतीची आहे. तिथे पासपोर्ट नाही बघत, पगार बघतात."

दोन दिवसांनी मी, शबाना आणि उमैरा अब्बासियाला गेलो. बस एकदा बदलावी लागते, सुटे फिल्स, म्हणजे इथली चिल्लर, जवळ ठेवा. भूक लागली तर बेकरीतून गरम खुब्ज, इथली रोटी, घ्या. स्वस्त, आणि तिघींना पुरून उरतो. तिथली भारतीय शाळा भाड्याच्या इमारतीत. मैदान म्हणजे गाड्या लावायची जागा. त्याच बाकांवर सकाळी एक पाळी, दुपारी दुसरी. हे सगळं पालकांच्या फीवर.

उमैराने वीसपर्यंत आकडे म्हटले आणि वर तिथल्या बाईंना म्हणाली, "वड्या संपल्या, नेक्स्ट टाइम आणते."

बाई हसल्या. "दुपारच्या पाळीत एक जागा आहे. पण फिंतासला शाळेची बस नाही. ने-आण कोण करणार?"

शबाना माझ्याकडे बघायला लागली. "इरफान ड्युटीवर असतो. मी कधी एकटी बसने गेलेय? अम्मी, तू गावी नेच तिला."

एक 'हो' म्हटलं असतं तर माझं घर भरलं असतं. मनात बिस्मिल्ला म्हटलं. "नाही नेणार. बसचा रस्ता पाठ करू."

आठ दिवस आम्ही तिघी त्याच बसने गेलो-आलो. नवव्या दिवशी शबाना लेकीला घेऊन पुढे बसली. मी मागे, ओळख नसल्यासारखी. उतरताना तिने वळून बघितलंसुद्धा नाही!

गावी घरी परत आले, तर पूनम भरदुपारी गेटवर.

"हिला शाळेत नाही घातलंत?" मी तिच्या आईला विचारलं.

"कागज नहीं है, नानी. हम तो बाहर के."

मी त्याच संध्याकाळी नारळ खवला. आमची जिल्हा परिषदेची शाळा पावसात गळते, मैदानात काजूच्या मुळ्या वर आल्यात. दुसऱ्या दिवशी पूनमचा हात धरून आत शिरले. गुरुजींनी डबा उघडला, वडी तोंडात टाकली आणि हजेरीपट पुढे ओढला.

"कागदांचं नंतर बघू. नाव सांग गं, बाळ."